तीन पाट्यांची खंडेनवमी

नासेर मास्तरांनी दिलेली यादी व्यंकटच्या मुठीत घामाने भिजून घरी आली, आणि पांढरा बैल विकल्यापासून एकमेकांशी धड न बोलणारे दोघे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा एका ओसरीवर बसले. धाकटा उत्तमराव थोडंफार शिकलेला, म्हणून यादी वाचायचा मान त्याचा. थोरला तातेराव खांबाला टेकून सुपारी कातरत होता. उत्तमरावची बायको नीलाबाई एरवी दाराआडून ऐकायची, पण आज चक्क उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, कारण यादी तिच्या मुलाची होती. तातेरावची बायको गोजरबाई आत जात्यापाशी पीठ गोळा करत बसली होती. हात पिठात असले तरी तिचे कान ओसरीवरच होते.

उत्तमरावने घसा साफ केला आणि पंचांग वाचावं तसं वाचायला सुरुवात केली. दगडी पाटी एक. पाटीवर लिहायच्या पेन्सिली. उर्दू गिरवायला लाकडाची तख्ती, वरून पांढरी माती सारवलेली. बोरूचा कलम. शाईची झाकणाची दौत. पाटी-दौत बांधून न्यायला जाड कापडाचा बस्ता. बसायला गोणपाट. डोक्यावर टोपी. शिवाय नखं कापून, डोक्याला तेल लावून यावं. जवळा बाजारात सरकारी मदरशाचा, म्हणजे शाळेचा, नवा वर्ग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. जो यादीतलं सगळं घेऊन येईल त्याचं नाव लागेल, एखादी वस्तू जरी कमी असली तरी घरी परत, मग पुढच्या वर्षी बघू, असं मास्तरांनी बजावून सांगितलं होतं.

"आमच्या वेळेला मास्तरला एक छडी लागायची," दोघा भावांचे वडील उकंडराव म्हणाले, "ती बी तो आपल्या घरून आणायचा."

म्हातारा हसला की घर हसायचं, तसं ते हसलं. एवढं सामान न्यायला पोराबरोबर बैलगाडी द्यावी लागेल, असं त्यांच्या बहिणीने, पार्वतीबाईंनी, कोठीच्या दारातून सुनावलं. टोपी कोणत्या रंगाची घ्यायची यावर नीलाबाईने लगेच आपलं मत दिलं, जे तिला कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं थोडं निवल्यावर जात्यापासून आवाज आला.

"भावजी, यादी अजून एकडाव वाचा म्हणते मी. शकीसाठी."

सुपारी कातरायचा आवाज थांबला. शकू गोजरबाईची एकुलती एक. तिच्यानंतर त्या खोलीत पाळणा हलला नव्हता. मुलगी आठ वर्षांची झाली होती, आणि पुढच्या वर्षी सोयरिकीच्या गोष्टी निघायला लागल्या की शाळेचं नाव काढायची सोय राहणार नव्हती. गोजरबाईला हे पक्कं ठाऊक होतं. यंदा नाव लागलं तर लागलं.

आणि मुलीला अक्षरांचं वेड तरी किती. बाजाराच्या चौकात खाजा मियांच्या दुकानावर एक पत्र्याची पाटी टांगलेली होती. शकूने ती येता-जाता बघून मनात साठवली आणि गौरीच्या दिवशी सगळीच्या सगळी दारापुढे रांगोळीत उतरवली. काय लिहिलंय ते तिला ठाऊक नव्हतं. नक्षी म्हणून काढली होती. थोड्या वेळाने शिरड शहापूरचा एक गाडीवान बैल सोडून थेट ओसरीवर येऊन बसला आणि चहा मागू लागला. उत्तमरावने बाहेर जाऊन रांगोळी वाचली तर दारात लिहिलं होतं, 'येथे उत्तम चहा मिळेल'. उकंडरावांनी त्या माणसाला चहा पाजला आणि पुढे बरेच दिवस हा किस्सा जो भेटेल त्याला सांगितला. नातीचं कौतुक त्यांना नव्हतं असं नाही. पण कौतुक करणं वेगळं आणि शाळेत घालणं वेगळं.

उकंडरावांनी बहिणीकडे बघितलं. घरातल्या बायकांची गोष्ट निघाली की ते बहिणीकडे बघत. पार्वतीबाई त्यांच्यापेक्षा थोरल्या. कपाळ पांढरं झाल्यावर ऐन तारुण्यात माहेरी आल्या, आणि भावजय वारल्यावर तातेराव-उत्तमरावला त्यांनीच वाढवलं. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. पंगतीत कोण कुठे बसेल, पूजेला कोण कुठे बसेल, पाहुण्यांतल्या कोणाला खांबाशी बसवायचं आणि कोणाला भिंतीशी, हे त्या सांगत आणि माणसं मुकाट्याने तिथे बसत. तालुक्याहून महसुलाचा गिरदावर आला होता, त्यालाही त्यांनी एका जागेवरून उठवून दुसरीकडे बसवलं होतं.

"शकी न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "घरात कामं काय कमी हायेत?"

"आठ वर्साच्या लेकराचं काम ते काय, आत्याबाई?" गोजरबाईने विचारलं.

"न्हाई म्हन्लं न्हवं."

उकंडराव उठले, धोतर झटकलं आणि निकाल दिला. यादी एक आली, लेकरू एक जाईल.

गोजरबाईने नवऱ्याकडे बघितलं. तातेराव पुन्हा सुपारी कातरायला लागला होता. बैलाच्या वेळीही तो असाच गप्प बसला होता, आणि बैल गेला. तोंडात मिठाची गुळणी धरून बसणाऱ्या या माणसाचा तिला इतका संताप आला की त्या दिवसापासून ती त्याच्या ताटात भाकरी वाढू लागली ती जरा उंचावरूनच.

यादी घरात आली खरी, पण यादीतल्या वस्तू येईनात. दुनियेत कुठेतरी लढाई चालू होती, आणि तिचा जवळा बाजाराशी काय संबंध असं ज्यांना वाटत होतं त्यांना आता कळत होतं. कापड गायब, रॉकेल गायब, आणि आता पाट्याही गायब. गावातली पंधरावीस पोरं आणि त्यांचे बाप पाट्या शोधत फिरत होते. उत्तमराव खाजा मियांच्या दुकानात रोज जाऊन बसायचा. खाजा मिया त्याला पान द्यायचे, लढाईच्या बातम्या द्यायचे, पाटी द्यायचे नाहीत. शेवटी एकदाची व्यंकटची पाटी मिळाली, तेव्हा नीलाबाईने ती घरभर मिरवली. गोजरबाईच्या हातात देऊन म्हणाली, "बघा आक्का, किती जड हाय." गोजरबाईने बघितली, जड आहे म्हणाली, आणि परत दिली.

त्याच दुपारी ती खाजा मियांच्या मागच्या दाराने आत गेली. पुढच्या दाराने पुरुषांचा व्यापार चालायचा, मागच्या दाराने बायकांचा. खाजा मियांची बायको नजमुन्निसा आणि गोजरबाई यांचं फार जुनं होतं. एकीच्या बाळंतपणात दुसरीने रात्री काढलेल्या. गोजरबाईने आडपडदा न ठेवता सांगितलं, पाटी पाहिजे आणि घरात कळता कामा नये. नजमुन्निसाने आधी बाहेरचा कानोसा घेतला, मग पलंगाखालची पेटी ओढली. तिच्या भाचीसाठी ठेवलेल्या दोन पाट्यांतली एक तिने पदरात घालून दिली.

"किसीकू बोलना नको," ती म्हणाली. "मियांकू तो बिल्कुल नको."

बदल्यात गोजरबाईने तिला हिवाळ्याआधी एक वाकळ शिवून द्यायचं कबूल केलं. दोघींना हा सौदा एकदम बराबर वाटला.

मग गोजरबाईच्या अंगात वारं संचारलं. मोडक्या पाटाची फळी घासून तिने तख्ती केली. मास्तरांना पांढरी माती सारवलेली हवी होती. गोजरबाईने आयुष्यभर भिंती सारवल्या होत्या. सवयीने तिने आधी शेणाचा हात मारला आणि मग वरून पांढरी माती दिली. तख्ती अशी गुळगुळीत झाली की तिला स्वतःलाच नवल वाटलं, फक्त वास मात्र गोठ्याचा येत होता. ओढ्यातून बोरू आणला. काजळ धरून शाई केली आणि ती काचेच्या बुटकुलीत भरली. जुन्या लुगड्याच्या काठाचा बस्ता शिवला, गोणपाट घरात होतंच. टोपी तिने सोडून दिली. मुलीच्या डोक्यावर टोपी कसली, हे मास्तरांनाही कळत असेल, असा तिने हिशेब केला. हे सगळं ज्वारीच्या कणगीमागे लपवून ती रोज कणगीपाशी एक फेरी मारायची, जणू ज्वारीला पाय फुटणार होते.

राहिल्या पेन्सिली. पेन्सिली कुठेच नव्हत्या. खाजा मियांकडे नाहीत, बाजारच्या दिवशी आलेल्या फिरत्या दुकानदाराकडे नाहीत. नीलाबाईकडे होत्या, पण तिच्याकडे मागणं म्हणजे घरभर दवंडी. पाटी असून लिहायला काही नाही, तर मास्तर दारातून परत पाठवणार. गोजरबाईने कोळसा घासून बघितला, खापराचा तुकडा घासून बघितला. दगडी पाटीला दगडी पेन्सिलच लागते, हे तिला त्या दिवशी कळलं आणि ती कणगीमागे बसून थोडी रडली.

तातेराव त्याच सुमारास गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणायला हिंगोलीला गेला होता. दिवस मावळताना परत आला तो रिकाम्या हाताने. धाव मिळाली नाही म्हणाला. उकंडरावांनी विचारलं, मग सबंध दिवस काय केलंस? तर म्हणाला, फिरलो. गाडीतला कडबा मात्र त्याने कोणाला उतरवू दिला नाही, स्वतःच उतरवला. गोजरबाईला हे दिसलं, पण ती त्याच्यावर इतकी चिडलेली होती की दिसलेल्याचा अर्थ लावायचीही तिला इच्छा नव्हती.

आणि खंडेनवमी आली.

उकंडरावांच्या घरची खंडेनवमी गावात प्रसिद्ध होती. पहाटे देवघरापुढे मोठं घोंगडं पसरलं जाई, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं अवजार आणून त्यावर ठेवायचं. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुदळ, बायकांच्या विळ्या, सुया, कात्री. त्यावर दुसरं घोंगडं झाकायचं. मग घरच्या कर्त्याने झाकणाखाली हात घालून, हाताला लागेल त्याला हळदकुंकू लावायचं. हे कोणाचं, ते कोणाचं, असं विचारायचं नाही. अवजाराला मालक नसतो, असं या घराचं म्हणणं. आणि त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची होती. पुजलेलं अवजार दसऱ्यानंतर कामाला लागलंच पाहिजे. ते परत करायचं नाही, विकायचं नाही, रिकामं ठेवायचं नाही. उकंडरावांच्या वडिलांनी एकदा पुजलेली कुदळ कोपऱ्यात ठेवली आणि त्याच पावसाळ्यात मळ्यातली विहीर ढासळली. ती विहीर अजून तशीच पडलेली होती आणि घरातलं प्रत्येक लेकरू तिच्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगू शकत होतं.

उलटही तितकंच खरं होतं. न पुजलेल्या अवजाराला वर्षभर हात लावायचा नाही. म्हणून गोजरबाईला शकूची पाटी घोंगड्याखाली सरकवणं भागच होतं. पेन्सिल नसली तरी. आधी पूजा होऊ दे, पेन्सिल नंतर देव देईल, असं तिने स्वतःला समजावलं. तांबडं फुटायच्या आत, सडा घालायच्या निमित्ताने ती देवघराशी आली आणि लुगड्याच्या काठाचा बस्ता, वर पाटी उघडी ठेवून, तिने फाळाच्या मागे अगदी आत ढकलला.

पूजेला सगळे जमले. पार्वतीबाईंनी प्रत्येकाला जागा सांगितली. उकंडरावांनी झाकणाखाली हात घातला आणि सुरुवात केली. फाळाला बोट लागलं, विळ्यांना लागलं. मग हाताला लाकडी चौकट लागली.

"व्यंकटची पाटी," ते समाधानाने म्हणाले. नीलाबाईने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे कुदळ लागली, कात्री लागली, आणि मग उकंडराव थांबले. हात तिथल्या तिथे चाचपत राहिला. त्यांनी त्याही चौकटीला हळदकुंकू लावलं, कारण पूजा मध्ये थांबवायची नसते. थोडं पुढे गेल्यावर ते परत थांबले. बहिणीकडे बघितलं, मग सुनांकडे, मग हळदकुंकू लावलं. पूजा पूर्ण झाली, घोंगडं निघालं. फाळ आणि खुरप्यांच्या मधोमध तीन पाट्या होत्या. तिसरीच्या शेजारी एक काळी टोपी.

"पोरगं एक आन पाट्या तीन," उकंडराव म्हणाले. "काय हाय हे?"

या घरात विचारायचं नसतं, अशी आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. गोजरबाईने पदर सावरला आणि ती पुढे आली.

"एक माझी हाय, मामंजी. शकीसाठी आनली. आता पुजली, तुमच्याच हातानं."

"आन ही तिसरी?"

तिसरीबद्दल गोजरबाईला काहीच ठाऊक नव्हतं. तिने खरंच कानावर हात ठेवले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात खांबापाशी तातेरावने घसा खाकरला.

"ती माझी," तो म्हणाला. "धाव मिळत हुती, बापू. घेतली न्हाई. पाटी घेतली. पेन्सिली बी हायेत, टोपीत."

आयुष्यात पहिल्यांदा तातेराव बापापुढे एका दमात एवढं बोलला होता. तो एकटक टोपीकडेच बघत होता. गोजरबाईने टोपी उचलली. आत कागदाच्या पुडीत दगडी पेन्सिली होत्या, चांगल्या मूठभर. तिला हसावं की रडावं कळेना. हा माणूस आपल्याशी बोलला असता, आपण त्याच्याशी बोललो असतो, तर एक पाटी वाचली असती, एक वाकळ वाचली असती. आणि कितीतरी दिवस उंचावरून वाढलेल्या भाकरी वाचल्या असत्या. तिला त्याचं फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"पन टोपी काहून आनली?" उत्तमरावने विचारलं. "पोरीला?"

"यादीत हुती," तातेराव म्हणाला.

आधी उत्तमराव हसला, मग नीलाबाई, मग शकू स्वतः. टोपी तिने डोक्यावर घातली तर ती कानांवरून खाली नाकापर्यंत आली. उत्तमरावने भावाच्या पाठीवर थाप मारली, आणि बैलाचं भांडण त्या थापेत कुठे संपलं ते दोघांनाही कळलं नाही.

उकंडराव हसत नव्हते. त्यांच्यापुढे तिढा होता. पुजलेलं परत करता येत नाही, आणि ढासळलेली विहीर तर मळ्यात रोज दिसत होती. तरी ते लगेच बधले असते की नाही कोण जाणे. पण व्यंकट इतका वेळ गप्प होता, त्याने तेवढ्यात तोंड उघडलं. शकी येणार नसेल तर मीही जाणार नाही म्हणाला, आणि जमिनीवर फतकल मारली. नीलाबाईने त्याला दटावलं, ओढलं, गुळाचा खडा दाखवला. तो हलला नाही. तेव्हा नीलाबाईने क्षणात बाजू बदलली.

"जाऊ द्या की मामंजी पोरीला," ती म्हणाली. "आमच्या यंकट्याला बी सोबत हुईल."

"दोन पाट्या लागल्या कामाला," उकंडराव सावकाश म्हणाले. म्हणजे शकूचं नाव लागणार होतं. गोजरबाईने डोळे मिटून देवाला हात जोडले. "पन तिसरी? ती कोन वापरनार?"

नीलाबाईचं म्हणणं, ती व्यंकटला जादा म्हणून ठेवावी. जादा म्हणजे रिकामी, उकंडरावांनी ते उडवून लावलं. त्यांनी बहिणीकडे बघितलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. पार्वतीबाई कोठीच्या दाराशी उभ्या होत्या. एवढ्या गोंधळात त्यांनी एक शब्दही काढला नव्हता, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"आत्याबाई, अजून न्हाईच म्हनता का तुमी?" गोजरबाईने विचारलं. आता तिच्या आवाजाला धार होती.

"माझ्या म्हनन्यानं काय व्हतंय आता," पार्वतीबाई म्हणाल्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी उगाच हातात घेतला. "मला सुईचं भोक दिसंना झालंय, गोजरे. डाळीतला खडा दिसंना. दारात कोन आलं ते शकी सांगती तवा कळतंय. सकाळपासून दिवस मावळंस्तोवर ती माझ्यापाशी असती. ती साळंत गेल्यावर मी कुनाशी बोलू?"

गोजरबाईला इतके दिवस वाटत होतं की ही बाई आपल्या मुलीच्या वाटेत दगड म्हणून पडली आहे. कोणत्या दगडावर आपण इतके दिवस मनात डोकं आपटत होतो, ते आता तिला दिसलं. सकाळच्या वेळी कोठीच्या दारात बसलेल्या आत्याबाई आणि त्यांच्या मांडीला टेकून डाळ निवडणारी शकू, हे चित्र ती रोज बघत होती आणि तिने ते कधी नीट बघितलं नव्हतं. ती जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

टोपी वर सारून शकूने दोघींकडे बघितलं.

"आजी, साळा दुपारलाच सुटती," ती म्हणाली. "मंग मी तुला शिकवीन. ती पाटी तुझी. पाटीवर मोठ्ठी अक्षरं काढीन, तुला दिसतील."

"या वयात?" पार्वतीबाई फणकारल्या. "थट्टा करती व्हय माझी?" आणि चूल विझायला आली म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण तिसऱ्या पाटीबद्दल उकंडरावांनी पुढे काही विचारलं नाही. घोंगडं आवरताना ती पाटी त्यांनी स्वतःच उचलून कोठीच्या फडताळात ठेवली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही लेकरं तेल लावून, नखं कापून तयार झाली. मास्तरांनी काही म्हणायला जागा राहू नये म्हणून तातेरावने शकूच्या टोपीत चिंधी भरून ती डोक्याला बसेल अशी केली. दोन्ही बाप मुलांना सोडायला निघाले, एक पुढे, एक मागे, आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो शेजारी शेजारी झाले. नासेर मास्तरांनी यादीप्रमाणे एकेक वस्तू बघितली, असं नंतर उत्तमरावने रंगवून सांगितलं. शकूची टोपी बघून मास्तर काही बोलले नाहीत, फक्त मिशीतल्या मिशीत हसले. तख्ती मात्र त्यांनी नाकाशी नेली, मग हाताने चाचपली, आणि असली मऊ तख्ती गावात दुसऱ्या कोणाची नाही म्हणाले. नाव लागलं. शकुबाई तातेराव. गोजरबाईने ते उत्तमरावकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

सकाळभर पार्वतीबाई कोठीच्या दारात एकट्या बसल्या. गोजरबाई काम टाकून त्यांच्यापाशी डाळ निवडायला बसली, पण ती शकू नव्हती. बोलणं दोन शब्दांत संपत होतं. मधूनच पार्वतीबाईंनी विचारलं, "मास्तर मारत तर न्हाई ना?" गोजरबाई नाही म्हणाली. थोड्या वेळाने त्यांनी परत तेच विचारलं.

दुपारी शकू आली ती काळ्या बोटांनी, शाई गालाला लागलेली, आणि आल्या आल्या तिने वर्ग भरवला. ओसरीवर एक गोणपाट टाकलं, खांबाला टेकून मास्तरांसारखी उभी राहिली आणि हाक मारली. जिला शिकायचं असेल तिने पाटी आणावी, पेन्सिल आणावी, ओलं फडकं आणावं, नखं कापून यावं. यादीतलं काही कमी असलं तर परत पाठवण्यात येईल.

उकंडराव बाजेवर पडले होते, ते उठून बसले. नीलाबाई दाराआड आली. कोठीतून किल्ल्यांचा आवाज झाला, मग फडताळ उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. गोजरबाईला वाटलं, नाही येणार.

पार्वतीबाई बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, डोक्याला तेल लावलेलं. एका हातात पाटी होती, तिच्यावरचं खंडेनवमीचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. दुसऱ्या हातात पेन्सिल आणि ओलं फडकं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि शकूने वाकून नखं तपासली. कापलेली होती.

ओसरी मोकळीच होती. खांब होता, भिंत होती, गोणपाट होतं. पार्वतीबाईंनी एकदा सगळीकडे बघितलं आणि नातीला विचारलं,

"मी कुठं बसू?"